स्ट्रॉबेरी केकचा नियम आणि ज्वारीची भाकरी: 'वर्क ट्रँगल'चं टीकात्मक वाचन



पेटची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी मागच्या महिन्यात जवळजवळ सारखाच प्रश्न विचारला. "दादा, पेपर क्रिटिकली वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? चुका शोधायच्या का?" तेव्हा मी पाठ असलेलं उत्तर दिलं: नमुना बघा, पद्धत बघा, मर्यादा बघा. उत्तर बरोबर होतं, पण त्यातून कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. म्हणून आज एक उदाहरण घेतो. ते माझ्या विषयातलं नाही, स्वयंपाकघराचं आहे. ते निवडायचं कारण सरळ आहे. तुम्हाला जी चूक करू नका म्हणून सांगतो तीच मी इथे केली आणि त्याची किंमत आमच्या आईला मोजावी लागली असती.

झालं काय

आमचं घर घाटनांदूरला, अंबाजोगाई तालुक्यात. परळी-लातूर रोड लाईनवरचं स्टेशन म्हणून गाव बऱ्याच जणांना माहीत असतं. दादाने लातूरला वन बीएचके फ्लॅट घेतला आणि आईनेही तिकडेच राहायला जायचं ठरलं. किचन ७ फूट बाय ८ फूट. दादा म्हणाला, "तू रिसर्चवाला आहेस, किचन कसं करायचं ते शास्त्रीय पद्धतीनं सांग."

मी दहा मिनिटं शोधलं आणि त्याला एक आकृती पाठवली: वर्क ट्रँगल, म्हणजे कामाचा त्रिकोण. सिंक, गॅस आणि फ्रिज हे त्याचे तीन बिंदू. दोन बिंदूंमधलं अंतर ४ ते ९ फूट असावं, तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी. खाली मी लिहिलं, "हे संशोधनातून सिद्ध झालेलं आहे." मॉड्युलर किचनवाल्याने त्याप्रमाणे ड्रॉइंग काढलं. एल आकाराचा ओटा, उंची सगळीकडे ३४ इंच, खाली सलग बंद कपाटं. त्रिकोणाची बेरीज १४ फूट आली. नियमात अगदी चपखल.

दादाने ड्रॉइंग आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ते समदं छान हाय बाळा, पण पाण्याचं पिंप कुठं ठिवायचं? अन् भाकरी कुठं थापायची?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पिंप बाल्कनीत ठेवू असं दादा म्हणाला, म्हणजे प्रत्येक तांब्याला हॉल ओलांडून जायचं. भाकरीचा विचार आम्ही दोघांनीही केलेलाच नव्हता. त्या रात्री मी हा नियम आला कुठून ते शोधायला बसलो. खरं म्हणजे दादाला आकृती पाठवायच्या आधीच बसायला हवं होतं.

नियमाची वंशावळ

कुठलाही 'सिद्ध झालेला' नियम दिसला की पहिलं काम म्हणजे त्याची वंशावळ काढणं. कुणी, कधी, कशासाठी, कुणावर अभ्यास करून हे म्हटलं?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने कारखान्यातलं काम घड्याळ लावून मोजायला सुरुवात केली. क्रिस्टीन फ्रेडरिकने तीच कल्पना घरात आणली. तिचं 'द न्यू हाऊसकीपिंग' १९१३ मध्ये पुस्तकरूपात आलं. स्वयंपाक करताना बाई किती फेऱ्या मारते आणि भांडी, चूल, टेबल कसं मांडलं तर त्या कमी होतील, असा तिचा प्रश्न होता.

पुढे लिलियन गिलब्रेथ आली. ही मानसशास्त्रात पीएचडी केलेली औद्योगिक अभियंता होती आणि हालचालींचा अभ्यास हेच तिचं काम. १९२९ मध्ये तिने ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी 'किचन प्रॅक्टिकल' नावाचं नमुना स्वयंपाकघर तयार केलं. तिच्या मांडणीची चाचणी स्ट्रॉबेरी शॉर्टकेक करून घेतली गेली. कामाच्या क्रिया ९७ वरून ६४ वर आल्या आणि पावलं २८१ वरून ४५ वर. म्हणजे चालणं एक षष्ठांशापेक्षाही कमी झालं.

१९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या स्मॉल होम्स कौन्सिलने हीच दिशा पुढे नेली आणि 'त्रिकोण' हे रूप पक्कं झालं. प्रमाणित मांडणीने घरबांधणीचा खर्च कमी व्हावा हाही त्यामागचा एक हेतू होता.

इकडे युरोपात १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी छोटं स्वयंपाकघर आखलं: १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण ७० चौरस फूट. फ्रँकफर्टमध्ये अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. फ्रेडरिकचं लेखन त्यांनी वाचलं होतं आणि रेल्वेच्या डायनिंग कारमधलं इवलंसं किचन हाही त्यांचा एक नमुना होता. स्टेशनच्या गावात वाढल्यामुळे मला ही गोष्ट फार आवडली. रेल्वेच्या एवढ्याशा डब्यात शेकडो लोकांचं जेवण होतं, मग घरात का नाही, असा तो साधा विचार.

आता या वंशावळीला चार प्रश्न विचारू.

प्रश्न पहिला: नेमकं काय मोजलं?

पावलं. मोजायला सोपी म्हणून पावलं. पण स्वयंपाकाचे कष्ट म्हणजे फक्त चालणं का? वाकणं, उचलणं, हात वर धरून ढवळणं, उभं राहणं, धुरात बसणं हे पावलांत येत नाही. जे मोजता येतं तेच महत्त्वाचं ठरतं, आणि जे मोजलं नाही ते हळूहळू अभ्यासातूनच नाहीसं होतं. हा दोष तुमच्या-माझ्या कुठल्याही विषयात सापडेल.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीच्या धुराचा अभ्यास केला. नमुना घेणारं उपकरण त्यांनी चूल पेटवणाऱ्या बायकांच्या अंगावरच लावलं. त्रास जिला होतो तिच्यापाशीच मोजमाप. १९८३ मध्ये तो पेपर आला आणि घरातल्या धुराकडे बघायची नजर बदलली. साधन कुठे लावायचं हा निर्णय म्हणजेच अर्धं संशोधन असतं.

प्रश्न दुसरा: कुणावर मोजलं आणि कुठल्या कामावर?

एक बाई, एकटी, एक पदार्थ. शॉर्टकेकसाठी फ्रिजमधून लोणी-दूध काढायचं, टेबलावर मिसळायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं. त्या कामाला त्रिकोण शोभतो.

आता भाकरी घ्या. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नाही, त्यामुळे पीठ ताणत नाही. कणकेसारखा मोठा गोळा मळून तासभर झाकून ठेवणं जमत नाही. भाकरीपुरतं पीठ गरम पाण्यात मळायचं, लगेच परातीत थापायचं, तव्यावर टाकायचं, वरून पाणी फिरवायचं, उलटायचं आणि शेवटी जाळावर शेकायची. तव्यावर एक असताना परातीत दुसरी. यात परात आणि तवा यांच्यातलं अंतर चार फूट असून चालतच नाही, ते हातभर हवं. पिठाचा डबा, पाण्याचं भांडं, परात, तवा एवढं सगळं बसल्या जागी लागतं. या कामाचा त्रिकोण होत नाही. होतं ते एक छोटं वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध बाई पाटावर बसलेली असते. फ्रिज त्यात कुठेच नाही.

पाणीही तसंच. त्रिकोणात 'सिंक' हा बिंदू आहे कारण नळाला कधीही पाणी येतं हे गृहीत धरलंय. आमच्याकडे हे गृहीत टिकत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच्या आदल्या वर्षी पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं होतं. ज्या घराने ते दिवस पाहिलेत त्या घरात पिंप ही अडगळ नसते. स्वयंपाकघराचा पहिला बिंदू तोच असतो.

आणि या नमुन्यात कोण कोण नाही तेही बघा. आमच्या बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं स्वयंपाकघर कोपीत असतं: तीन दगड, तवा, परात, हंडा. छोट्या स्वयंपाकघराचं याहून टोकाचं उदाहरण नसेल. पण 'स्मॉल किचन' असं शोधलं की चकचकीत फोटो येतात, कोपी येत नाही.

प्रश्न तिसरा: मूळ लेखकाने खरंच असं म्हटलं होतं का?

इथे मला खरा धक्का बसला. ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीप्रमाणे ठरवावी असा गिलब्रेथचा आग्रह होता. पुढे बाजाराने मांडणी उचलली आणि हा आग्रह सोडून दिला, कारण सगळ्यांना एकाच उंचीची कपाटं विकणं सोयीचं. अमेरिकेत ३६ इंच ही प्रमाण उंची होऊन बसली.

फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरातही खिडकीजवळच्या टेबलापाशी एक फिरतं स्टूल होतं, बाईने बसून काम करावं म्हणून. म्हणजे बसून स्वयंपाक करणं मागासलेलं आणि उभं राहून करणं आधुनिक, ही समजूत निदान त्या आधुनिक नमुन्यात नव्हती. ती मधल्या साखळीत कुठेतरी घुसली.

म्हणून सांगतो, दुसऱ्याने उद्धृत केलेलं पुन्हा उद्धृत करत गेलं की निष्कर्ष तेवढा राहतो आणि अटी गळून पडतात. तुमच्या आढाव्याच्या प्रकरणात अशी किती वाक्यं आहेत ते एकदा तपासा. माझ्या पहिल्या मसुद्यात बरीच निघाली होती.

उंचीचं साधं गणित करून बघू. उभं राहिल्यावर कोपराची उंची साधारणपणे एकूण उंचीच्या ०.६३ पट येते. आमची आई ४ फूट ११ इंच, म्हणजे १५० सेंमी. तिचं कोपर सुमारे ९४ सेंमीवर, ३७ इंचांवर. ड्रॉइंगमध्ये ओटा ३४ इंच. दिसायला ठीक आहे. पण पाश्चात्त्य घरात शेगडी ओट्याच्या पातळीत बसवलेली असते. आपली शेगडी ओट्याच्या वर ठेवलेली असते, म्हणजे आणखी पाच इंच. तवाच ३९ इंचांवर गेला, कोपराच्या वर. त्यावर सहा इंचांचं पातेलं ठेवलं की काठ ४५ इंचांवर. आईने रोज खांदे उचलून वरण ढवळायचं. सिंकचं उलटं आहे. त्याचा तळ सात-आठ इंच खाली असतो, त्यामुळे तिथे वाकावं लागतं. म्हणजे एकाच उंचीचा सलग ओटा दिसायला सुंदर, पण दोन्ही कामांना चुकीचा.

त्रिकोणाची बेरीज १४ फूट येऊनही यातलं काहीच त्या आकृतीत दिसलं नव्हतं.

प्रश्न चौथा: वाचलेला वेळ आणि वाचलेली पावलं कुणाची?

पावलं कमी केली की बाईचा वेळ वाचेल असं या सगळ्या परंपरेचं गृहीत आहे. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 'मोअर वर्क फॉर मदर' या १९८३च्या पुस्तकात दाखवलं की घरात यंत्रं आली तरी बाईचं काम फारसं घटलं नाही. घरातल्या बाकीच्यांचा हातभार कमी झाला आणि स्वच्छतेच्या, जेवणाच्या अपेक्षा वाढल्या.

आपल्याकडचा आकडा बघा. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरगुती बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात असं आलं, आणि पुरुष ९७ मिनिटं. बातम्यांत हेच छापलं गेलं. पण इथेही थांबून वाचा: 'भाग घेणाऱ्या'. बायकांपैकी ८१.२ टक्के या कामात भाग घेतात आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के. मग सगळ्या बायकांची आणि सगळ्या पुरुषांची सरासरी काढली तर ती साधारण २४३ आणि २५ मिनिटं येते. पहिल्या आकड्यात फरक तिप्पट वाटतो, दुसऱ्यात तो जवळजवळ दहापट होतो. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त छेद वेगळा आहे. पेटच्या मुलाखतीत कुणी सरासरी विचारली तर आधी "कुणाची सरासरी?" असं मनात विचारायची सवय लावा.

त्रिकोण एकाच व्यक्तीसाठी आखलाय. त्यात दुसऱ्या माणसाला जागाच नाही. फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरावरही पुढे हीच टीका झाली: इतकं अरुंद की मदतीला कुणी आत येऊ शकत नाही. आमच्या घरात आई आणि वहिनी एकाच वेळी काम करतात. आणि मी किंवा दादा कधी आत गेलो तर उभं कुठे राहायचं, हा प्रश्न त्या ड्रॉइंगमध्ये कुणी विचारलाच नव्हता. आम्ही दोघांनीही नाही.

मग हे संशोधन फेकून द्यायचं का?

नाही. नवीन विद्यार्थी टीका म्हणजे निकाल लावणं समजतात. गिलब्रेथने जे केलं ते तिच्या काळात मोठं होतं. घरकाम हे काम आहे, ते मोजता येतं, सुधारता येतं आणि त्यासाठी जागेची आखणी बदलावी लागते, हे ठामपणे मांडणारे लोक तेव्हा फार नव्हते. तिची पद्धत आजही वापरता येते. न तपासता वापरू नये ते तिच्या पद्धतीतून निघालेलं उत्तर. अमेरिकेतल्या शॉर्टकेकचं उत्तर लातूरच्या भाकरीला लावणं ही चूक माझी होती, गिलब्रेथची नव्हे.

आपल्या नियमांकडेही तसंच बघावं. राष्ट्रीय इमारत संहिता स्वयंपाकघराला किमान ५ चौरस मीटर जागा आणि १.८ मीटर रुंदी सांगते. तिथेच जेवायचं असेल तर ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर. दादाचं किचन ५.२ चौरस मीटर भरतं, म्हणजे पास. पण किमान क्षेत्रफळ हा तळाचा आकडा आहे. तेवढ्या जागेत नीट काम होईल याची हमी त्यात नाही.

शेवटी काय केलं

गिलब्रेथचीच पद्धत घाटनांदूरच्या घरात वापरली. एक अख्खी सकाळ दारात वही घेऊन बसलो. पावलं न मोजता फक्त लिहीत गेलो: आईचा हात कशाला जातो, किती वेळा वाकते, किती वेळा उठते. आईला आधी हसू आलं. मग तीच सांगायला लागली, "हे लिव्ह, तिखटाचा डबा वर नगं." पिंपाकडे हात किती वेळा गेला ते लिहिता लिहिता मी मध्येच मोजणं सोडून दिलं. फ्रिज मात्र सकाळभरात एकदाच उघडला गेला, दुधासाठी.

ड्रॉइंग बदललं. शेगडीखालचा आणि तिच्या शेजारचा दोन-अडीच फुटांचा ओटा खाली घेतला, म्हणजे परात तव्याला लागून राहील. सिंकच्या बाजूची कपाटं काढून खाली पिंपाला मोकळी जागा ठेवली, स्टँडवर आणि तोटीसकट. फ्रिज हॉलमध्ये गेला. त्रिकोण मोडला. किचनवाला म्हणाला, "सर, असं कुणी करत नाही, लुक जातो." दोन पातळ्यांच्या ओट्यालाही एक देखणेपण असतं असं आता मला वाटतं, पण तो माझा पक्षपात असू शकतो.

सगळं सुटलं असंही नाही. खालचा ओटा आईसाठी २८ इंच ठेवायचा विचार होता. वहिनी ५ फूट ४ इंच. ती म्हणाली, "भाऊजी, तिथं पोळ्या मलाच लाटायच्यात, माझी पाठ जाईल." तिचं बरोबर होतं. मी पुन्हा एकदा एकाच व्यक्तीवर मोजून सगळ्यांसाठी नियम करायला निघालो होतो. शेवटी ३० इंचांवर तडजोड झाली. आईला थोडा उंच, वहिनीला थोडा बुटका. आणि बसून भाकरी करायची जागा त्या ७ बाय ८ मध्ये काही निघाली नाही. आई आता उभी राहून करते. सुट्टीत घाटनांदूरला आली की पाट घेऊन चुलीपुढे बसते आणि म्हणते, "हितं कसं हाताला येतंय समदं."

हे वाक्य माझ्या वहीत शेवटी लिहिलेलं आहे. कुठलाही पेपर हातात घेतला की मी आता चार गोष्टी विचारतो: काय मोजलं, कुणावर मोजलं, मूळ लेखक खरंच असं म्हणाला का, आणि फायदा कुणाचा. पाचवा प्रश्न आईने शिकवला. ज्याच्यासाठी हे संशोधन आहे त्याला ते दाखवलं का? दादाला आकृती पाठवायच्या आधी मी तिला एक फोन केला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

तुमच्या विषयातला असा एखादा 'सिद्ध झालेला' नियम घ्या आणि या आठवड्यात त्याची वंशावळ काढून बघा. भेटू पुढच्या लेखात.